दुसरी सोय

भुईगाव, ९ ऑक्टोबर १९४९

उर्सुला,

पाकीट उलटून तू आधी नाव वाचशील आणि मग फोडायचं की नाही याचा विचार करत बसशील. फोड. कोणी मेलेलं नाही.

दोन वर्षं झाली तुला जाऊन. जाताना अंगणात उभी राहून जे बोललीस ते मटिल्डानं कुंपणापलीकडून ऐकलं आणि आठवडाभर गावभर वाटलं. "मी या घरची मोलकरीण नाही." बरं, नाहीस. नणंद म्हणून मला तीच मिळायची होती आणि बहीण म्हणून तू, माझं नशीब. पण एवढं लक्षात ठेव, मागच्या खेपेला, जे मूल गेलं त्या वेळी, मी बाळंतपणाआधीच अंथरुणाला खिळले, तेव्हा तुला शाळेतून काढून बाबांनी पाठवलं होतं. मी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतंच म्हणा, पण बाबा आधीच गाडी घेऊन दारात आले.

आता कामाचं. मला पुन्हा दिवस गेलेत. मार्चअखेरीला.

ओरडू नकोस. डॉक्टरांनी मागच्या वेळीच पुन्हा नको म्हणून सांगितलं होतं, ते मी विसरलेले नाही. रक्त थांबत नव्हतं आणि तू माझ्या पोटावर मूठ दाबून बसली होतीस, तेही विसरलेले नाही. सतरा वर्षांची पोर होतीस तू. डॉक्टर म्हणाले, ही मुलगी नसती तर तुम्ही नसता. मग तू नर्स व्हायला गेलीस तर त्यात माझाही थोडा हात आहे की नाही? क्लेमेंटवर चिडू नकोस. चिडायचंच तर मी आहे.

इकडचं सगळं मी लावून घेतलंय. सकाळी रहाट हरेश्वर चालवतो. तो आला नाही तर त्याची बायको, ती नाही तर क्लेमेंट. रेडा बसला तर शत्रुघ्नचा बैल, त्याबद्दल त्याच्या गुरांना आपला केळीचा पाला. चुलीवर भात मी ठेवते, मला चक्कर आली तर सुझान ठेवते. सात वर्षांची आहे, पण पाणी किती घालायचं ते तिला मी पक्कं शिकवलंय. फ्रान्सिसला मटिल्डा सांभाळते आणि मटिल्डाचं डोकं दुखलं, जे तिचं वरचेवर दुखतं, तर तो हरेश्वरच्या पोरांत जाऊन बसतो. विहिरीला दोर दोन, कंदील दोन. क्लेमेंट म्हणतो, तू देवाचीसुद्धा दुसरी सोय करून ठेवली असशील. मी म्हटलं, मग मरियामाता कशाला आहे?

तो हसला. तू पण हसली असशील, कबूल करू नकोस हवं तर.

हे वेड मला आधी नव्हतं, तुला माहीत आहे. त्या दिवशी गाडीचा बैल लंगडा निघाला, दुसरी गाडी मिळेपर्यंत दिवस गेला आणि दिवसाबरोबर मूल गेलं. तेव्हापासून मी कुठलंच काम एका माणसावर सोडत नाही. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी उभं केलंय. फक्त मी मागे वळून बघते तेव्हा माझ्यामागे कोणी नाही.

मार्चमध्ये ये. महिनाभराची रजा काढ. मागचं सगळं राहू दे एका बाजूला, ते नंतर भांडू.

सालोमी


भुईगाव, १२ नोव्हेंबर १९४९

उर्सुला,

तुझं पत्र मिळालं. एक पान, त्यातही समास मोठा.

"मी काय गिरणीतली बदली आहे, कोणी आजारी पडलं की दारात उभी?" हे वाक्य तू फार विचार करून लिहिलेलं दिसतं. अक्षर त्या ओळीत छान आलंय. बाई गं, बदलीवाल्याला निदान रोजगार मिळतो, तुला मी काय देणार? पण मला राग आला नाही. आला, पण गेला.

आणि पत्राच्या अगदी शेवटी, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं, "जानेवारीत माझं लग्न आहे." वा! धाकट्या बहिणीचं लग्न मोठीला असं कळायचं! गिरीजचा आलोशियस, मुंबईच्या गोदीत फिटर. त्यांची वाडी मी पाहिली आहे. पानवेल चांगली राखलेली असते, पाट साफ असतात. माणसं नीटनेटकी असणार. त्याच्या आईला मी सणाला चर्चमध्ये बघते, पुढच्या बाकावर बसते आणि सगळ्यांच्या आधी "आमेन" म्हणते. तुझं जमेल. मला आनंद झाला, हे खरं लिहिते. रडले सुद्धा, आणि सगळं काही भांडणाचं रडणं नव्हतं.

पण जानेवारीत नको.

ऐकून घे आधी. जानेवारीत लग्न केलंस तर मार्चमध्ये तू नव्या घरची नवी सून. उपवासाचे दिवस, घरात त्याची आई, तुला महिनाभर बहिणीकडे पाठवील ती? दोन दिवसांसाठी पाठवील, वर भाजी देऊन. मला दोन दिवस पुरायचे नाहीत. मेमध्ये कर. ईस्टर झालेला असतो, चर्चची काही अडचण नसते, आंबे असतात, मांडवाला सावली लागते तेवढंच. चार महिन्यांनी कोणाचं काही बिघडत नाही. त्याचं प्रेम असेल तर थांबेल, नसेल तर तेही कळेल.

सुईण मार्गारेट मावशी ठरवली आहे. तिला जमलं नाही तर गिरीजची एक आहे. शत्रुघ्नची गाडी पूर्ण मार्च महिना आमच्या दारात उभी राहील, भाड्याला जाणार नाही. वसईच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय. एवढं करूनही मला झोप येत नाही, म्हणून तुला लिहिते.

सालोमी


भुईगाव, ४ डिसेंबर १९४९

उर्सुला,

"खरं काय ते सांग, नाहीतर मी जानेवारीतच बोहल्यावर चढते." बरं. खरं सांगते. तुला लपवून कधी पचलंय मला?

बाळंतपणाला सुईण आहे, डॉक्टर आहेत. तू असलीस तर माझा धीर राहील हे खरं, पण ते अर्धंच. उरलेलं असं. मी गेले तर सुझान आणि फ्रान्सिस आणि जे येईल ते, यांच्यामागे कोण?

क्लेमेंट तिशीतला माणूस आहे. वाडी आहे, दोन पोरं आहेत. वर्षाच्या आत कोणीतरी त्याला बायको बघून देईल, मटिल्डाच देईल, तिच्या डोक्यात आत्तापासून दोन-तीन नावं असतील. आत्या गेल्यावर तिच्या मुलांचं काय झालं ते तू बघितलंयस. त्या नव्या आईनं मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, नुसतं बघितलं नाही त्यांच्याकडे. मोठी मुलगी दारात उभी राहायची तशीच उभी राहून मोठी झाली. माझ्या सुझानला मी तसं होऊ देणार नाही.

म्हणून मी फादरना विचारलं. कोणाबद्दल ते नाही सांगितलं, पण ते काही दूधखुळे नाहीत. बायको गेल्यावर तिच्या बहिणीशी लग्न करायचं तर काय? ते म्हणाले, बिशपांची परवानगी लागते, कारण योग्य असेल तर मिळते. आईविना पोरं हे योग्य कारण आहे. मी विचारलं, आधीपासून अर्ज करता येतो का? तेव्हा मात्र फादर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, सालोमी, घरी जा आणि रोजरी म्हण.

आता कळलं जानेवारी का नको ते? तू आलोशियसची झालीस की संपलं. मेपर्यंत मोकळी राहा. मी जगले तर माझ्या हातांनी तुझं लग्न लावून देते, माझ्या लग्नातला सोन्याचा क्रूस तुझ्या गळ्यात घालते. आणि नाही जगले तर पोरं तुझी, वाडी तुझी, आणि क्लेमेंट वाईट माणूस नाही. त्याला तिखट कमी लागतं एवढंच.

आलोशियसला यातलं काही सांगू नकोस. क्लेमेंटलाही मी सांगितलेलं नाही.

तुला हे वाचून माझी किळस येईल. येऊ दे. तुला पोरं झाली की कळेल.

सालोमी


भुईगाव, १५ जानेवारी १९५०

उर्सुला,

क्लेमेंटला कळलं. फादरांनी त्याला नुसतं म्हटलं, "बायकोला जप, फार पुढचं बघते", आणि त्यानं घरी येऊन माझ्याकडून सगळं काढून घेतलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. म्हणाला, "मी वाडी आहे का, तू गेल्यावर कोणी कसायची ते ठरवायला?" आणि कुदळ घेऊन गेला. दुपारी जेवायला आला नाही. आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

तुझं पत्र त्याच आठवड्यात आलं. "येते. बाळंतपण काढते. लग्न मेमध्ये. पण भावोजींबद्दल पुन्हा एक अक्षर लिहिलंस तर पत्र न वाचता जाळीन." बरं, पुन्हा लिहीत नाही. तू येतेस ना, मला एवढं पुष्कळ आहे. फ्रान्सिस आत्तापासून विचारतो, उर्सुला मावशी कशी दिसते. मी म्हटलं, माझ्यासारखी, पण हसते. एकदा घरात आलीस की पोरंच तुला सोडणार नाहीत.

आलोशियसला लग्न पुढे गेल्याचं सांगितलंस म्हणतेस. "बरं" म्हणाला आणि गोदीत कामाला गेला. खोली घेऊन ठेवली होती त्यानं, ती आता मेपर्यंत रिकामी राहणार, असं तू लिहितेस. राहू दे. खोलीला काय होतंय.

सालोमी


भुईगाव, ५ मार्च १९५०

उर्सुला,

घाईत लिहिते, पाय सुजलेत आणि टेबलाशी बसवत नाही.

पुढच्या रविवारी ये. वसई रोडला शत्रुघ्न गाडी घेऊन उभा असेल, तो नसला तर क्लेमेंट. येताना कापूस, पट्ट्या आणि टिंक्चर आयोडीन आण, इकडच्या दुकानात मिळतं ते पाण्यासारखं असतं. स्वतःसाठी सुती लुगडी आण, मुंबईची नाजूक नकोत.

आणि आल्यावर घर सोडून कुठे जायचं नाही, हे आधीच सांगते. गिरीजला त्याच्या आईला भेटायला सुद्धा नाही. तिला हवं तर ती येईल इकडे. रागावू नकोस. बाकी सगळ्यांच्या जागी मी दुसरं माणूस लावू शकले, तुझ्या जागी नाही.

ये गं. भीती वाटते.

सालोमी


भुईगाव, २२ एप्रिल १९५०

श्री. आलोशियस यांस,

तुमची-माझी समोरासमोर भेट झालेली नाही. मी उर्सुलाची मोठी बहीण.

बाळंतीण असल्यामुळे मला मुंबईला तिच्या मातीला येता आलं नाही. क्लेमेंटनं सांगितलं की तुम्ही सगळं नीट केलंत, रडलाही नाहीत आणि शेवटपर्यंत उभे होतात. त्याबद्दल आमच्या सगळ्यांच्या वतीनं तुमचे उपकार मानते.

पायाला खिळा लागला त्याचं निमित्त झालं. ती स्वतः नर्स होती, तिला कळत होतं, तरीही व्हायचं ते झालं. माणसाच्या हातात काय असतं! तिची ट्रंक क्लेमेंटबरोबर पाठवते आहे. त्यात तुमची पत्रं आहेत, मी ती उघडलेली नाहीत. माझी मुलगी बरी आहे, तिचं नाव रोझलीन.

तुम्ही तरुण आहात. देव तुम्हाला धीर देवो.

सौ. सालोमी


भुईगाव, १४ मे १९५०

आलोशियस,

तुमचं पत्र आलं. एकच ओळ आहे. "तिला वेळेवर इंजेक्शन का मिळालं नाही, एवढंच सांगा." खाली सही. क्लेमेंटला विचारलंत तेव्हा तो म्हणाला, सालोमीला विचारा. माझ्यावर टाकून मोकळा झाला तो, आणि बरोबरच केलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, माणसाच्या हातात काय असतं. ते पुसून टाका. सांगते सगळं. मला गोड बोलायची सवय नाही, जसं येईल तसं वाचा.

उर्सुला आली त्या दिवसापासून घर तिचं झालं. सुझान तिच्या मागे-मागे, फ्रान्सिस कडेवर. माझे दोन दोर, दोन कंदील बघून ती पोट धरून हसली. मला ती बाय म्हणायची. म्हणाली, "बाय, तू मेलीस तरी दुसरी बाय कोपऱ्यात ठेवली असशील." मी म्हटलं, ठेवलीय की, समोरच उभी आहे. तिचं हसू गेलं. मग म्हणाली, "मेमध्ये मी जाणार, लक्षात ठेव." तुमचं नाव तिनं त्या वेळी घेतलं नाही, पण तोंडावर होतं.

मग एका सकाळी हरेश्वर तापानं पडला. निरोप आणला त्याच्या बायकोनं. "वहिनी, त्यांना उठवत नाय, मलापन घरी थांबाया लागंल. आजचं पानी कोन लावंल?" क्लेमेंट भाजी घेऊन बाजाराला गेलेला. मी ठरवून ठेवलेली सगळी माणसं एका सकाळीच संपली. मी स्वतः उठायला लागले, तशी उर्सुलानं मला दाबून बसवलं आणि म्हणाली, मी लावते. वाडी घरामागेच, हाकेच्या अंतरावर. मी जाऊ दिलं. मार्चचं ऊन होतं, पण एक दिवस पाणी चुकलं असतं तर केळी काही मेली नसती. हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, बघा, माझी व्यवस्था कशी चालते! माझा जीव सुखावला होता, आलोशियस. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

रहाटाला जुंपलेला रेडा गोल फिरतो, त्याच्या वाटेवर शेणाचा रबडा असतो. चपला रुततात म्हणून तिनं त्या काढून ठेवल्या. शेणात एक गंजका खिळा होता. लंगडत आली. मला न दाखवता उकळलेल्या पाण्यानं धुतलं, टिंक्चर लावलं आणि ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "बाय, शेणातला खिळा आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं."

क्लेमेंट परत आल्यावर त्याला वसईच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे ते नव्हतं. मुंबईहून मागवावं लागेल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं बदलून तयार. "पहिल्या गाडीनं जाते, माझ्याच हॉस्पिटलात टोचून घेते, दिवे लागायच्या आत परत." मी म्हटलं, नको, आज माझ्या पोटात कळ आहे. कळ होती का? होती थोडी. शेवटच्या दिवसांत रोजच असते. मी जरा जास्त कण्हले. तिनं माझ्या पोटावर हात ठेवून बघितलं. तिला कळलं असणार, नर्स होती ती. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घरातलं लुगडं नेसून आली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लेमेंट म्हणाला, "चिठ्ठी दे उर्सुला, मी जाऊन घेऊन येतो. तुझं तूच टोचून घे." मी म्हटलं, तू गेलास आणि माझी वेळ आली तर गाडी कोण हाकणार? म्हणाला, शत्रुघ्न आहे की. मी म्हटलं, आणि शत्रुघ्नला काही झालं तर?

शत्रुघ्न समोर अंगणात बसून विडी ओढत होता. चांगला धडधाकट. क्लेमेंटनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी नाहीच म्हटलं. तसं उर्सुलाच म्हणाली, "राहू द्या भावोजी, जखम स्वच्छ आहे, भरत आलीय." क्लेमेंट वाडीत निघून गेला. त्यानं माझं ऐकायला नको होतं, असं तो आता स्वतःशी म्हणतो. पण या घरात माझं ऐकायची सवय मीच लावलेली.

इथे तुम्ही विचाराल, एवढी माणसं राखून ठेवली होती ती कशासाठी? मीही विचारते. दुसरी गाडी, दुसरा गाडीवान, दुसरी सुईण. वापरली की ती दुसरी राहत नाही, पहिली होते, आणि मग तिच्यामागे कोण, अशी धाकधूक. शिलकीतलं एकही माणूस मला सोडवेना. मागच्या वेळी मूल गेलं ते एक बैल लंगडा निघाल्यामुळे, हे माझ्या डोक्यातून जाईना. भीती होती, आलोशियस. तुमच्या उर्सुलाचा पाय मला दिसत होता, पण माझं पोट मोठं होतं.

मग वेळ आली. आणि ऐका, काही झालं नाही. मार्गारेट मावशी आली, पोरगी झाली, रडली, रक्त जेवढं जायचं तेवढंच गेलं. डॉक्टरांची गरज लागली नाही, गाडी जाग्यावरून हलली नाही. उर्सुला माझ्या पोटावर हात ठेवून रात्रभर बसली आणि सकाळी म्हणाली, "बाय, सुटलीस. आणि मीही सुटले." तेव्हा कुठे तिनं मोकळेपणानं तुमचं नाव घेतलं. खोलीला पडदे कसले लावायचे ते सांगत बसली. पायाचं मी विचारलं नाही. जखम भरली होती. तीही म्हणाली, आता रविवारी बाप्तिस्मा झाला की सोमवारी जाते, टोचूनही घेते. या वेळी मी नाही म्हटलं नव्हतं. पण आठवणही केली नाही.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी बाप्तिस्मा. आमच्यात बाळाची आई त्या वेळी घरीच असते. उर्सुला धर्ममाता. मला जे कळलं ते मटिल्डाकडून. बाळाला हातावर घेऊन ती उभी राहिली. धर्ममातेनं बाळाच्या वतीनं उत्तर द्यायचं असतं, तुम्हाला माहीत आहे. फादरांनी विचारलं, सैतानाचा त्याग करतेस का? उर्सुला बोलेना. फादरांनी पुन्हा विचारलं. मटिल्डाला वाटलं, लाजते, की काहीतरी नखरा करते. जवळ जाऊन बघितलं तर तिचं तोंड उघडत नव्हतं. दात दातांवर, कपाळावर घाम, आणि बाळ मात्र घट्ट धरलेलं. मग मटिल्डानंच तिच्या जागी उत्तरं दिली. मीच सांगून ठेवलं होतं तिला, उर्सुलाला यायला जमलं नाही तर धर्ममाता तू.

घरी आली ती भिंतीला धरून. दातांतूनच बोलली, "हॉस्पिटलात न्या मला." तिला सगळं कळलेलं होतं. मी अंथरुणावरून उठून दारापर्यंत गेले. गाडीत चढताना तिची पाठ वाकायला लागली होती. सुझाननं विचारलं, मावशी कधी येणार? ती काहीतरी म्हणाली. कोणालाच नीट कळलं नाही, मी विचारलं नाही, आता ते विचारायला कोणी नाही.

पुढचं तुम्ही बघितलंत. गुड फ्रायडेला गेली. त्या दिवसांत चर्चच्या घंटाही वाजवत नाहीत, क्लेमेंट म्हणाला, मुकाट्यानं पुरली.

क्लेमेंट आता ओट्यावर निजतो. पोरांशी बोलतो, माझ्याशी नाही. सकाळी सवयीनं माझ्या तोंडून निघतं, हरेश्वर आला नाही तर? एकदा हरेश्वर खरंच आला नाही. रहाट बंद राहिला, कोणाचं काही बिघडलं नाही.

मटिल्डा म्हणते, पोरीला घरात उर्सुला म्हणून हाक मारूया, सगळ्यांना बरं वाटेल. मी नको म्हटलं. तिला कोणाच्या जागी आणायची नाही. ती रोझलीन आहे, रोझलीनच राहील.

तुमची ती रिकामी खोली, तिचं तुम्ही काय केलंत ते मी विचारणार नाही. तुम्ही दुसरं लग्न करा असंही लिहिणार नाही. आईबाप लिहितील, फादर सांगतील, मला तोंड नाही. माझ्यावर तुमचा राग असेल तर तो कमी करायचा प्रयत्न करू नका. मेमध्ये लग्न करा, असं मीच सांगितलं होतं. हा मे चालू आहे.

तुम्ही विचारलंत, इंजेक्शन का मिळालं नाही. तिनं मागितलं आणि मी जाऊ दिलं नाही. एका दिवसाचं काम होतं. घर माणसांनी भरलेलं होतं, आलोशियस. सगळे मोकळेच बसले होते.

सालोमी